गावाचं आभासी प्रतिरूप: निमोण्यासारख्या गावाला केवढ्याला पडेल?

ग्रामपंचायतीच्या बैठकीत कुणीतरी लॅपटॉप उघडतं आणि पडद्यावर गाव उभं राहतं. माऊस फिरवला की एका अंगाने देवळाचा कळस दिसतो, दुसऱ्या अंगाने शाळेचं छत, पाण्याची टाकी, वेशीबाहेरचा ऊस. सगळे खुर्च्या पुढे ओढतात आणि पहिला प्रश्न येतो, "केवढ्याला पडेल हे?"

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. एका आकड्यात उत्तर देता येत नाही, कारण त्या फिरणाऱ्या चित्राच्या पोटात चार-पाच वेगवेगळी कामं आहेत. काही फुकट होतात. काहींचे पैसे सरकारने आधीच मोजलेले आहेत. एखाद-दुसरं काम मात्र खरोखर महाग आहे. ही कामं वेगळी करून पाहिली तर पंचायतीला हवं तेवढंच घेता येतं. मी निमोणे डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे: पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्याच्या पूर्व अंगाचं, चिंचणी, गुनाट, न्हावरे यांच्या शेजारचं, घोड धरणाजवळच्या पट्ट्यातलं गाव. पण हिशेब दौंडच्या किंवा श्रीगोंद्याच्या गावालाही तसाच लागू पडेल.

शहरं किती मोजतात

अशा प्रतिरूपाचं सगळ्यात नावाजलेलं उदाहरण सिंगापूरचं. 'व्हर्च्युअल सिंगापूर' हा प्रकल्प २०१४ मध्ये जाहीर झाला, खर्च ७ कोटी ३० लाख सिंगापूर डॉलर. डॉलरला ६० रुपये धरले तरी ४४० कोटींच्या आसपास. एका छत्रीखाली अख्खा देश, प्रत्येक इमारत, झाडं, सावल्या, वारा. आपल्याकडे केंद्र सरकारने १८ फेब्रुवारी २०२५ ला 'नक्शा' हा शहरी भूमापनाचा पथदर्शी कार्यक्रम सुरू केला. १५२ शहरं, १९४ कोटी रुपये. सरळ भागाकार केला तर एका शहराला सव्वा कोटीच्या थोडं वर. त्यात विमानातून किंवा ड्रोनमधून सरळ खाली बघणारा कॅमेरा, तिरपा बघणारा कॅमेरा आणि लेसरने उंची मोजणारं लायडार यंत्र, असे तीन प्रकार वापरायचे आहेत.

आता गावाकडे या. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या, गावठाणांच्या ड्रोन मोजणीच्या स्वामित्व योजनेला केंद्राने ५६६ कोटी २३ लाख रुपये ठेवले. सुरुवातीचं उद्दिष्ट ६ लाख ६२ हजार गावांचं होतं. म्हणजे गावामागे साडेआठ हजार रुपये. राज्याच्या कर्मचाऱ्यांचा पगार, गावात फिरणाऱ्या भूकरमापकाचे दिवस यात नाहीत, तरीही आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. सहा लाख गावांचं काम एकत्र निघाल्यामुळे तो एवढा खाली आला. एकट्या गावाने उद्या ड्रोन बोलावला तर या भावात तो शिरूरहून निघणारसुद्धा नाही. म्हणूनच जे एकदा झालं आहे ते पुन्हा विकत घेऊ नका.

आधी मागून घ्या

स्वामित्व देशभर जाण्याच्या आधी गावठाणाची ड्रोन मोजणी आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या मल्हारगडाच्या पायथ्याशी असलेल्या सोनोरीत, करून पाहिली गेली. जमाबंदी आयुक्तांचं कार्यालय पुण्यात, भारतीय सर्वेक्षण विभागाची साथ, आणि प्रयोगाला जवळचं गाव. या मोजणीत घरमालक आपल्या जागेच्या हद्दीवर चुन्याची रेघ मारतो, ड्रोन वरून फोटो काढतो, फोटो जोडून एकसंध प्रतिमा होते, तिच्यावर हद्दी रेखाटल्या जातात, मग भूकरमापक गावात येऊन पडताळणी करतो, हरकती ऐकल्या जातात आणि शेवटी मालमत्ता पत्रक व सनद निघते. ती एकसंध प्रतिमा साधारण ५ सेंटिमीटरच्या बारकाव्याची असते. म्हणजे जमिनीवरचा ५ सेंटिमीटरचा चौकोन चित्रातला एक ठिपका. त्यात अंगणातला रांजण दिसतो, गटाराची कडा दिसते.

शेतजमीन इंग्रजी अमदानीतच शंकू-साखळीने मोजली गेली, कारण तिच्यावर सारा होता. तेहतीस फुटांची साखळी आणि तेहतीस फूट लांब-रुंद गुंठा तिथूनच आपल्या बोलण्यात रुतून बसला. गावठाणावर सारा नव्हता, म्हणून बहुतेक गावांत त्याची घरनिहाय मोजणीच झाली नाही. घराचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, आणि त्यावर नकाशा नाही. ही पोकळी ड्रोन मोजणीने भरायची आहे.

तेव्हा पंचायतीचा पहिला खर्च म्हणजे एक कोरा कागद. शिरूरच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या नावे पत्र लिहा आणि तीन गोष्टी विचारा. आमच्या गावठाणाचं ड्रोन उड्डाण कोणत्या तारखेला झालं? अंतिम नकाशा तयार आहे का? प्रतिमा आणि नकाशा संगणकीय फाईलच्या स्वरूपात पंचायतीला नियोजनासाठी मिळतील का? पोच घ्या. उत्तर आलं नाही तर गावातल्या कुणीही माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. शुल्क १० रुपये, कागदाच्या प्रतीला पानामागे २ रुपये, मुदत ३० दिवस. हा अधिकार नागरिकाचा आहे, म्हणून अर्ज सरपंचपदाच्या शिक्क्याने न करता स्वतःच्या नावाने करा.

सनदेच्या शुल्काबद्दल गावोगाव गैरसमज आहेत. ११ ऑक्टोबर २०२० ला देशात पहिल्यांदा स्वामित्वची मालमत्ता पत्रकं वाटली गेली तेव्हा ७६३ गावांत महाराष्ट्रातली १०० होती. इतर राज्यांत कागद दुसऱ्या दिवशी हातात पडणार होता, महाराष्ट्रात महिनाभर लागेल असं सांगितलं गेलं, कारण आपल्याकडे त्याचं नाममात्र शुल्क घेण्याची पद्धत आहे. तेव्हा शुल्क मागितलं म्हणजे कुणी लुबाडतंय असं समजू नका, पण सरकारी पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.

शून्य रुपयांत काय काय येतं

कागदपत्रांची वाट पाहता पाहता बरंच काम सुरू करता येतं. पंचायतराज मंत्रालयाचं 'ग्राम मानचित्र' आणि इस्रोचं 'भुवन' ही दोन्ही संकेतस्थळं मोफत आहेत. शेताच्या गटांचा नकाशा महाभूनकाशावर बघायला पैसे लागत नाहीत. विनासहीचा सातबारा फुकट दिसतो, डिजिटल सहीचा १५ रुपयांना मिळतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे मोफत उतरवून घेता येतात. गूगलने इमारतींच्या बाह्यरेषांचा खुला साठा केला आहे, त्यात भारत आहे. २०१६ ते २०२३ या वर्षांतल्या इमारतींच्या अंदाजी उंचीचा साठाही आहे. तो ढोबळ आहे, पण गाव कोणत्या दिशेला वाढलं हे त्यातून चांगलं कळतं.

हे सगळं एकावर एक ठेवायला क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर लागतं. तेही मोफत, परवाना नाही, वार्षिक वर्गणी नाही. ड्रोनचे फोटो जोडून त्रिमितीय चित्र करणारं ओपनड्रोनमॅप मोफत आहे, ते सजवायला ब्लेंडर मोफत आहे. खर्च येतो तो संगणकाचा. ३२ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक कार्डाचं यंत्र लाखाच्या आसपास जातं. ते विकत घेण्याआधी तालुक्याच्या महाविद्यालयात असं यंत्र आहे का ते बघा. वर्षातून आठ दिवस लागणाऱ्या यंत्रात पंचायतीने लाख रुपये अडकवू नयेत असं माझं मत आहे.

पैसे उंचीला लागतात

मोफत नकाशांनी जमीन वरून दिसते. तिचा चढ-उतार नियोजनाला पुरेल इतका कळत नाही. 'भुवन'वर उपग्रहाच्या आधारे केलेला उंचीचा नकाशा आहे, त्याच्या उंचीत सुमारे ८ मीटरचा फरक पडू शकतो. आता गटाराचा हिशेब करा. २०० ला १ उतार द्यायचा असेल तर १०० मीटर लांबीत फरक फक्त अर्ध्या मीटरचा. आठ मीटर चुकणाऱ्या नकाशावर अर्ध्या मीटरचं गटार आखलं तर पाणी उलटं कुणाच्या तरी ओसरीत शिरेल. विक्रेत्याने पडद्यावर रंगीबेरंगी डोंगर-दऱ्या दाखवल्या की हा एक प्रश्न विचारा: "उंचीत किती सेंटिमीटरचा फरक पडेल, आणि तो तुम्ही कसा तपासला?"

जमिनीवर नियंत्रण बिंदू घेऊन केलेल्या ड्रोन कामात उंची ५ ते १० सेंटिमीटरच्या आत येऊ शकते. नियंत्रण बिंदू म्हणजे जमिनीवर रंगवलेली फुली, जिचं स्थान रोव्हर यंत्राने नेमकं मोजलेलं असतं. यासाठी आता महाराष्ट्रात कॉर्स नावाच्या ७७ स्थायी केंद्रांचं जाळं आहे, त्यामुळे रोव्हर काठीवर धरून उभं राहिलं की थोड्या वेळात ठिकाण मिळतं. भूमी अभिलेख खात्याची मोजणीही याच जाळ्यावर चालते. हे बिंदू न घेता केलेलं चित्र बघायला तेवढंच देखणं असतं, पण अख्खं गाव मीटर-दोन मीटर सरकलेलं किंवा एका बाजूला कललेलं असू शकतं. दरपत्रकातला सगळ्यात स्वस्त दर बहुधा हेच काम गाळून आलेला असतो.

आणि गावाला एकच गटार, एकच रस्ता करायचा असेल तर प्रतिरूप करूच नका. पंचायत समितीचा अभियंता ऑटो लेव्हल आणि पट्टी घेऊन अर्ध्या दिवसात उतार काढून देतो, आणि त्याची उंची ड्रोनपेक्षा अचूक असते.

प्रतिरूपाचे पैसे कुठे वसूल होतात ते सांगतो. ऊसतोडीच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर गावातल्या कोणत्या वळणावर अडतो आणि कोणाची ओटा-पायरी किती फूट मागे घेतली तर तो सुटतो, हे कागदी नकाशावर कुणाला पटत नाही. पडद्यावर पटतं. पावसाचं पाणी गावठाणात कुठून शिरतं आणि कुठे तुंबतं हे संगणक अख्ख्या गावासाठी एकदम काढून दाखवतो. छपरांचं क्षेत्र मिळालं की पाण्याचा हिशेब पोरंही करतात: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १०० चौरस मीटरचं छत, वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला तरी ४० हजार लिटर. आपल्यासारख्या अवर्षणाच्या पट्ट्यात हा आकडा घरटी लिहून भिंतीवर लावावा असा आहे. छपरावरच्या सौर पॅनेलसाठी सावली कुठे पडते तेही त्यातच कळतं. एका किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर जागा लागते आणि 'पीएम सूर्यघर' योजनेत ३ किलोवॉटपर्यंतच्या संचाला जास्तीत जास्त ७८ हजारांचं अनुदान आहे.

चौथा उपयोग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड ने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीला निवासी अकृषिक वापराची वाट सोपी केली. रांजणगावची औद्योगिक वसाहत तालुक्यात आहे, भाड्याच्या खोल्यांना गिऱ्हाईक आहे, आणि गावाची पुढची वाढ या पट्ट्यात होणार आहे. घरं बांधून झाल्यावर रस्ता सापडत नाही. पट्टा मोकळा असतानाच रस्ते, ओढ्याची वाट आणि दफन-दहनभूमीची वाट पडद्यावर आखून ग्रामसभेला दाखवली तर भांडणं खूप कमी होतील.

किती क्षेत्र उडवायचं

इथे खर्च तिप्पट होतो, म्हणून सावध राहा. गावठाण २० हेक्टरचं आणि साधारण गोल धरलं तर त्याची त्रिज्या २५० मीटर. भोवती २०० मीटरची कड जोडली की क्षेत्र ६४ हेक्टर होतं. दर हेक्टरी ठरत असेल तर बिलही तिप्पट.

उड्डाणाला मुळात फार वेळ लागत नाही. २० मेगापिक्सलचा कॅमेरा ११० मीटर उंचीवरून एका फोटोत साधारण १६४ मीटर बाय १०९ मीटर जमीन टिपतो. फोटो एकमेकांवर पुढे ८० टक्के आणि बाजूला ७० टक्के चढवावे लागतात, नाहीतर उंची निघत नाही. तेवढा चढाव धरून २० हेक्टरला कडेच्या भरीसकट अडीचशे फोटो पुरतात. हे एका बॅटरीचं काम आहे. पण वरून सरळ काढलेल्या फोटोंत भिंती दिसत नाहीत. भिंतींसाठी कॅमेरा तिरपा करून चारही बाजूंनी उडावं लागतं, फोटो हजार-बाराशेवर जातात. म्हणून दर मागताना स्पष्ट लिहा: गावठाणाला तिरपे फोटो हवेत, भोवतालच्या २०० मीटरला सरळ फोटो पुरेत. शेताच्या बांधावर भिंतीच नाहीत, तिथल्या तिरप्या फोटोंचे पैसे का द्यायचे?

घराचं चित्र किती बारीक हवं यालाही भाव आहे. घर म्हणजे नुसता ठोकळा, ही पहिली पायरी. छपराचा आकार, म्हणजे पत्र्याचा उतार की सपाट स्लॅब, ही दुसरी. दारं-खिडक्या ही तिसरी. नियोजनाला दुसरी पायरी भरपूर झाली. तिसरीचे पैसे वाड्या-मंदिरांचं दस्तावेजीकरण करायचं असेल तरच मोजा.

दाखवायला आणलेलं चित्र बहुधा फोटोंची एक अखंड चादर असते. तिच्यावर तुमच्या घरावर बोट ठेवलं तर संगणकाला ते घर आहे हे माहीतच नसतं. प्रत्येक घर वेगळं रेखून त्याला नमुना ८ चा मिळकत क्रमांक जोडला की मग कर, नळजोड, शौचालय, सौर संच सगळं त्या घराशी बांधता येतं. हे काम हाताने करायचं असतं आणि विक्रेता त्याचे वेगळे पैसे लावतो. घरामागे पाच मिनिटं धरली तर ६०० घरांना ५० तास. गावातली दोन शिकलेली पोरं आठवडाभरात करतील, आणि कुणाचं घर कुठे संपतं हे त्यांना पुण्याच्या ऑपरेटरपेक्षा जास्त कळतं. याचे पैसे गावातच द्या.

दर मागताना

निदान तीन लेखी दरपत्रकं घ्या आणि एकगठ्ठा रक्कम मान्य करू नका. नियंत्रण बिंदू, उड्डाण, फोटो जोडणी, घरं रेखणं, प्रशिक्षण: प्रत्येकाचा आकडा वेगळा लिहून मागा. मग कोण कुठे चढा आहे ते आपोआप दिसतं.

सेवेवर १८ टक्के जीएसटी लावलेला असेल. पण पंचायतीच्या घटनादत्त कामांसाठी पंचायतीला दिलेली निव्वळ सेवा, म्हणजे जिच्यात वस्तूचा पुरवठा नाही ती, जीएसटीतून सूट असलेली आहे. गावनियोजन त्यात बसतं का हे पंचायतीच्या लेखापरीक्षकाला किंवा एखाद्या सनदी लेखापालाला दर ठरवण्याआधी विचारा. लाखाच्या कामात १८ हजारांचा प्रश्न आहे.

ड्रोनचे कागद बघितल्याशिवाय उडू देऊ नका. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो, त्याचं शुल्क फक्त १०० रुपये आहे, म्हणून "खर्चिक होतं म्हणून केली नाही" ही सबब चालत नाही. पैसे घेऊन उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र हवं (२५० ग्रॅमच्या आतल्या इवल्या ड्रोनला त्यातून सूट आहे), त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा हवा. हिरव्या क्षेत्रात १२० मीटर म्हणजे ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, पण आपलं गाव हिरव्यात आहे का हे उडवायच्या दिवशी 'डिजिटल स्काय' या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तपासायचं. ड्रोन दीदी योजनेतला बचत गटाचा ड्रोन तालुक्यात कुठे असला तर त्याने नकाशा होणार नाही, तो फवारणीचा आहे. आणि पोलिस ठाण्याला पत्र द्या, गावात दवंडी द्या. २०२४ मध्ये पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्रीच्या ड्रोनांनी लोकांची झोप उडवली होती, ती भीती अजून विसरलेली नाही.

करारात हे लिहून घ्या की मूळ फोटो, जोडलेली प्रतिमा, उंचीचे दोन्ही नकाशे (घरा-झाडांसकट एक, नुसत्या जमिनीचा दुसरा), बिंदूंचा ढग, त्रिमितीय फाईल आणि नियंत्रण बिंदूंची यादी, हे सगळं पंचायतीच्या मालकीचं आणि पंचायतीच्या हार्ड डिस्कवर दिलं जाईल. प्रक्षेपण डब्ल्यूजीएस ८४, यूटीएम ४३ उत्तर असेल हेही लिहा, म्हणजे सरकारी नकाशाशी ते जुळवता येतं. "आमच्या संकेतस्थळावर केव्हाही बघा" एवढ्यावर समाधान मानू नका. तिथे दुसऱ्या वर्षापासून वर्गणी सुरू होते आणि भरली नाही तर आपलंच गाव आपल्याला दिसत नाही.

पैसे तीन हप्त्यांत द्यावेत: नियंत्रण बिंदू आणि उड्डाण झाल्यावर पाचवा हिस्सा, फाईली हातात आल्यावर दोन पंचमांश, तपासणी झाल्यावर उरलेले. तपासणी गावानेच करायची. विक्रेत्याला न सांगता दहा ठिकाणं निवडा: शाळेच्या भिंतीची लांबी, टाकीची उंची, दोन विजेच्या खांबांमधलं अंतर, गटाराच्या दोन टोकांची लेव्हल. टेपने मोजून वहीत लिहा आणि पडद्यावरचा आकडा शेजारी मांडा. ठरलेल्यापेक्षा जास्त फरक आला तर काम परत करायला लावा.

प्रतिरूपाने काय होत नाही

हद्दीचा वाद मिटत नाही. ड्रोनला छपराची कड दिसते, भिंतीची मालकी दिसत नाही. शेताच्या बांधाचा तंटा असेल तर सरकारी मोजणीच हवी. २०२४ च्या अखेरीस बदललेल्या दरांनुसार ग्रामीण भागात शेतकऱ्याला २ हेक्टरपर्यंत नियमित मोजणी २,००० रुपयांना आणि द्रुतगती मोजणी ८,००० रुपयांना पडते. कुणी "आमच्या ड्रोनने हद्द काढून देतो" म्हणालं तर तो कागद तहसीलदारापुढे चालणार नाही.

पडद्यावर रस्ता आखला म्हणजे तो मंजूर होत नाही. शिरूर तालुक्याचा काही भाग पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात येतो, काही नाही. आपल्या गटाला कोणता आराखडा लागू आहे याचा झोन दाखला नगररचना कार्यालयातून घ्या. प्राधिकरणाने ८१४ गावांसाठी २०२१ मध्ये जाहीर केलेल्या प्रारूप आराखड्यावर सुमारे ६७ हजार हरकती आल्या आणि २०२५ मध्ये तो रद्द झाला. आपल्या शेतातून रेघ गेली हे लोकांना आधी कुणी नीट दाखवलं असतं तर बऱ्याच हरकती सूचना म्हणून आल्या असत्या असं मला मनापासून वाटतं. गावाने आपलं प्रतिरूप हाताशी ठेवलं तर पुढचा आराखडा येईल तेव्हा त्याच्यावर त्या रेघा ठेवून बघता येतील आणि हरकत नकाशासकट देता येईल.

सगळं चित्र जगासाठी उघडंही करू नका. गच्च्या, मागची दारं, न्हाणीघरं त्यात दिसतात. नावं आणि थकबाकी जोडलेली फाईल पंचायतीच्या संगणकातच राहू द्या.

हात कुठून मिळतील

पुण्यात सीओईपीत नगरनियोजन शिकवतात, सिम्बायोसिसच्या भू-माहितीशास्त्र संस्थेत हेच नकाशे शिकवतात. या मुलांना अभ्यासाला खरं गाव लागतं. उन्नत भारत अभियानात महाविद्यालयं गावं जोडून घेतात. विभागप्रमुखाला पत्र लिहून एका सत्राचा प्रकल्प मागा. खर्च येण्याजाण्याचा, जेवणाचा, शाळेत झोपायच्या सोयीचा. निकाल व्यावसायिक कामाइतका सफाईदार असेलच असं नाही, पण ती मुलं घरोघर जातात आणि त्यातून जे कळतं ते ड्रोनला कळत नाही. जाताना त्यांनी पंचायतीच्या संगणक चालकाला क्यूजीआयएस शिकवून जावं अशी अट घाला. नवं घर नमुना ८ ला लागलं की तो ते नकाशात टाकेल. दरवर्षी ड्रोन बोलवायची गरज उरणार नाही, पाच वर्षांनी एकदा पुरे.

दिवस नीट निवडा. डिसेंबरात ऊस दहा-बारा फूट उभा असतो, त्याच्या खालची जमीन कॅमेऱ्याला दिसत नाही आणि उंचीचा नकाशा उसाच्या शेंड्यांचा होतो. तोड संपल्यावर, फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत शेतं मोकळी असतात. सकाळी नऊ ते अकरा बरे, दुपारी वावटळी उठतात. जत्रेचा आठवडा टाळा, मांडवांखाली रस्ते झाकले जातात. घरं नीट वेगळी रेखता यावीत म्हणून आदल्या संध्याकाळी घरांच्या कडेने चुना मारायचा, आणि घरटी एक माणूस त्या वेळी घरी हवा. शेजाऱ्याने शेजाऱ्यासमोर रेघ मारली की पुढच्या अर्ध्या हरकती तिथेच मिटतात. गोणीभर चुना आणि दोन पोरं हाताशी ठेवा, म्हणजे ज्या घरात म्हातारी माणसं एकटी आहेत तिथली रेघ राहून जायची नाही.